मॉडेलला नाव देण्याआधी ते नाव मोकळे आहे का, हे पाहायला शिकवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पुरवणीत तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वेब प्रोग्रॅमिंगची जी लेखमाला सुरू आहे, तिचे मी मनापासून स्वागत करतो. मोठ्या शहरांतील महागडे वर्ग ज्यांना परवडत नाहीत अशी अनेक मुले आमच्या भागात हे लेख कापून वहीत चिकटवतात आणि त्यांतील उदाहरणे जशीच्या तशी संगणकावर टंकून पाहतात. नेमक्या याच कारणासाठी तिच्यातील एका सल्ल्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटले. मॉडेलचे नाव एकाच शब्दाचे, छोटे आणि सर्वांच्या ओळखीच्या इंग्रजी शब्दाचे असावे, असे लेखात म्हटले असून नमुन्यादाखल 'क्लास', 'मॅच', 'ग्रुप', 'यूजर' आणि 'प्रोसेस' ही नावे दिली आहेत. सल्ला ऐकायला सोपा आहे. मात्र या पाचांपैकी प्रत्येक नाव कोणत्या ना कोणत्या प्रचलित प्रोग्रॅमिंग भाषेने, फ्रेमवर्कने (वेब सॉफ्टवेअरच्या तयार सांगाड्याने) किंवा डेटाबेसने (नोंदी साठवणाऱ्या प्रणालीने) आधीच स्वतःच्या कामासाठी घेऊन ठेवलेले आहे, आणि जो विद्यार्थी ते पुन्हा वापरील त्याला कधी पहिल्याच मिनिटाला, तर कधी काम सुरळीत चालू लागल्यावर दोन-तीन वर्षांनी अडचण येईल.

संगणकाशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, वेबवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या ज्या गोष्टीची नोंद ठेवायची तिचा एक नमुना आधी लिहावा लागतो. बाजार समितीचे सॉफ्टवेअर असेल तर शेतकरी, अडत्या, आवक, सौदा हे असे नमुने होत. या नमुन्याला मॉडेल म्हणतात, तो 'क्लास' या स्वरूपात लिहिला जातो आणि बहुतेक फ्रेमवर्कमध्ये त्याच्याच नावावरून डेटाबेसमधील टेबलाचे, फाईलचे आणि कित्येकदा वेबपत्त्याचेही नाव आपोआप तयार होते. म्हणजे एक नाव चार ठिकाणी जाते, आणि त्या चारही ठिकाणी ते मोकळे असावे लागते.

आपल्या लेखातील उदाहरणेच घेऊ. शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये इयत्तेसाठी 'क्लास' हे नाव कोणालाही आधी सुचते. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत हा शब्द भाषेचा स्वतःचा राखीव शब्द, म्हणजे दुसऱ्या कशाला नाव म्हणून न देता येणारा शब्द, असल्यामुळे तिथे अशा नावाचे मॉडेल लिहिताच येत नाही. लहान-मोठी अक्षरे बदलूनही उपयोग होत नाही, कारण राखीव शब्दांच्या बाबतीत पीएचपी तो भेद करीत नाही. ही चूक निदान लगेच कळते. 'मॅच'चे प्रकरण अधिक बोलके आहे. कबड्डीच्या स्पर्धांचे किंवा शंकरपटाच्या जोड्यांचे निकाल ठेवण्यासाठी 'मॅच' नावाचे मॉडेल पीएचपीच्या सातव्या आवृत्तीत निर्धोक चालत होते. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत भाषेने 'मॅच' नावाची नवी रचना आणली आणि हा शब्द राखीव केला. ज्यांच्या सर्व्हरवर नंतर कधीतरी पीएचपीची आवृत्ती वाढवली गेली, त्यांचा प्रोग्रॅम स्वतःच्या एका ओळीलाही हात न लावता थांबला. मॉडेल वेगळ्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवले म्हणून ते वाचत नाही, कारण क्लास जाहीर करणाऱ्या ओळीत तो शब्द यावाच लागतो आणि आक्षेप त्या ओळीलाच आहे.

'ग्रुप'विषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण विदर्भातील ज्या गावात बचत गट नाही असे गाव शोधावे लागेल, आणि गटांचे हिशेब संगणकावर आणणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांची पहिली निवड हीच असते. रूबी भाषेतील रेल्स आणि पीएचपीतील लाराव्हेल ही फ्रेमवर्क मॉडेलच्या नावाचे अनेकवचन करून टेबलाला देतात, त्यामुळे 'ग्रुप' मॉडेलचे टेबल 'ग्रुप्स' होते. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ या आवृत्तीपर्यंत 'ग्रुप्स' हा शब्द मोकळा होता. एप्रिल २०१८ मध्ये सर्वांच्या वापरासाठी जाहीर झालेल्या ८.० या आवृत्तीत तो राखीव झाला, आणि त्याच वेळी 'रँक' हा शब्दही राखीव झाला, जो गुणपत्रिकेच्या आणि स्पर्धांच्या सॉफ्टवेअरमध्ये स्तंभाचे नाव म्हणून सर्रास असतो. येथे मौज अशी की, फ्रेमवर्क स्वतः जी क्वेरी (डेटाबेसला करायची विचारणा) तयार करते तिच्यात टेबलाचे नाव विशिष्ट अवतरणचिन्हांत घातलेले असल्यामुळे ती मुकाट्याने चालत राहते. गट जोडता येतो, सभासद नोंदवता येतो, मासिक बचत भरता येते. अडते ते वर्षअखेरच्या अहवालात, कारण अहवालाची लांबलचक क्वेरी कोणीतरी हाताने लिहिलेली असते आणि तिच्यात ती चिन्हे नसतात. बँकेला गटाचे कर्जखाते द्यायच्या दिवशी पडद्यावर व्याकरणाची चूक दिसते आणि ज्या ओळीत ती दाखवली जाते ती ओळ तर पूर्वीपासून तशीच असते. अशा वेळी माणूस बिचारा आपल्या बेरजेत चूक शोधत बसतो.

'यूजर' तर याहून फसवा आहे, कारण तो चूकसुद्धा दाखवत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'यूजर' या शब्दाचा अर्थ 'या क्षणी डेटाबेसशी जोडलेले खाते' असा ठरलेला आहे. टेबलाचे नावही 'यूजर' ठेवले आणि हाताने लिहिलेल्या क्वेरीत अवतरणचिन्हांशिवाय त्यातील नोंदी मोजायला सांगितल्या, तर उत्तर नेहमी १ येते. पतसंस्थेत सभासद कितीही असोत, उत्तर १. पोस्टग्रेसच्या दृष्टीने त्याला विचारलेल्या प्रश्नाचे ते बरोबर उत्तर आहे. टेबल रेल्सच्या रिवाजाप्रमाणे अनेकवचनी असेल तर हा प्रसंग येत नाही; पण जावा भाषेत हायबरनेट हे क्लास आणि टेबल जोडणारे साधन वापरून शिकणारी मुले एकवचनी नावच तसेच टेबलाला जाऊ देतात आणि तिथे नवी नोंद भरतानाच अडकतात.

यावर उपाय काय, हे सांगण्यासाठी आपल्या विदर्भापलीकडे जाण्याचे कारण नाही. अमरावती या एका जिल्ह्यात चांदूर नावाचे दोन तालुके आहेत, आणि एसटीच्या पाटीपासून सातबाऱ्यापर्यंत सर्वत्र एकाला चांदूर रेल्वे व दुसऱ्याला चांदूर बाजार असेच लिहिले जाते. वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड आणि वर्धा जिल्ह्यातील कारंजा घाडगे यांचेही तेच. दोन्ही गावांनी आपले मूळ नाव सोडलेले नाही. जिथे घोटाळा होऊ शकतो तिथे दुसरा शब्द जोडून काम भागवले आहे, आणि चांदूर बाजारच्या चौकात उभा असलेला माणूस मात्र नुसते 'चांदूर' म्हणतो व ऐकणाऱ्याला ते बरोबर कळते. प्रोग्रॅमिंगमध्ये याच सोयीला नेमस्पेस म्हणतात. पीएचपीमध्ये ती २००९ साली ५.३ या आवृत्तीत आली, रूबीमध्ये ती 'मॉड्यूल'च्या रूपाने आहे आणि पायथॉनमध्ये प्रत्येक फाईल हीच स्वतः एक नेमस्पेस असते.

सोय असली तरी ती कशी चालते हे नेमके माहीत नसेल तर तिचा उपयोग होत नाही, आणि आपल्या लेखमालेने येथे एक पूर्ण प्रकरण खर्च करावे असे मला वाटते. जिनिंगच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण घ्या. कापूस येतो, त्यातून सरकी वेगळी होते, रुईची गठाण बांधली जाते. या टप्प्यांसाठी कोणी रेल्समध्ये 'प्रोसेस' नावाचे मॉडेल लिहायला घेतले, तर रूबी ताबडतोब सांगते की 'प्रोसेस' हा क्लासच नव्हे, कारण त्या नावाचे मॉड्यूल भाषेतच आहे. सूतगिरणीसाठी धाग्याचे मॉडेल 'थ्रेड' नावाने लिहिले तर 'सुपरक्लास मिसमॅच' अशी तक्रार येते, कारण रूबीचा स्वतःचा 'थ्रेड' हा क्लास आधीच आहे आणि त्याचा पालक-क्लास, म्हणजे ज्याच्यावरून तो बेतला तो क्लास, वेगळा आहे. पालक-क्लासचा उल्लेख न करता एखाद्या साध्या क्लासला असे नाव दिले, तर रूबी काहीच बोलत नाही. ती भाषेचाच मूळ क्लास पुन्हा उघडते आणि आपल्या मेथड (क्लासने करायची कामे) त्यात मिसळून टाकते. रूबीचे क्लास केव्हाही उघडून वाढवता येतात, हा तिचा मोठा गुण मानला जातो आणि तो आहेही. पण नवशिक्याच्या हातून नकळत 'सेट'सारखा मूळ क्लास बदलला गेला, तर जिथे जिथे दुसऱ्या कोणाच्या लायब्ररीत (तयार प्रोग्रॅमच्या संग्रहात) 'सेट' वापरला आहे तिथे तिथे परिणाम होऊ शकतो, आणि त्याचे मूळ आपल्याच फाईलमध्ये आहे हे शोधून काढणे सोपे राहत नाही.

मग तो विद्यार्थी 'जिनिंग' नावाचे मॉड्यूल करून त्यात 'प्रोसेस' ठेवतो. हे बरोबर आहे. आता त्याच मॉड्यूलमधील दुसऱ्या क्लासमधून तो नुसते 'प्रोसेस' असे लिहील, तेव्हा कोणता 'प्रोसेस' मिळेल हे त्या दुसऱ्या क्लासची पहिली ओळ कशी लिहिली आहे यावर ठरते. आधी 'मॉड्यूल जिनिंग' उघडून त्याच्या पोटात क्लास लिहिला असेल, तर रूबी प्रथम जिनिंगमध्ये शोधते आणि आपला 'प्रोसेस' सापडतो. मॉड्यूलचे आणि क्लासचे नाव '::' या चिन्हाने जोडून एकाच ओळीत लिहिले असेल, तर रूबी जिनिंगमध्ये शोधतच नाही. ती त्या क्लासमध्ये आणि त्याच्या पूर्वज-क्लासांत पाहते व थेट भाषेच्या मूळ 'प्रोसेस'पाशी जाऊन थांबते. चांदूर बाजारच्या माणसाची बोली त्या चौकात उभ्या असलेल्यालाच लागू पडते, बाहेरून नुसता पूर्ण पत्ता लिहिणाऱ्याला नाही. दोन्ही रीती दिसायला सारख्या, पुस्तकांत दोन्ही आढळतात, आणि फरक सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही. रेल्सच्या जुन्या आवृत्त्यांत तर याहून वाईट होते: आपली फाईल आधी वाचली गेली की नंतर यावर उत्तर बदलत असे, त्यामुळे विकास करताना चुकणारा प्रोग्रॅम प्रत्यक्ष सर्व्हरवर, जिथे सर्व फाईली आरंभीच वाचल्या जातात, तिथे बिनतक्रार चाले. २०१९ मधील सहाव्या आवृत्तीपासून फाईली वाचण्याची नवी पद्धत आली, २०२१ मधील सातव्या आवृत्तीत जुनी पद्धत काढून टाकली गेली आणि ही विशिष्ट डोकेदुखी संपली. जुनी पुस्तके वापरणाऱ्या शिक्षकांनी मात्र हे ध्यानात ठेवावे.

पायथॉनवरील जँगो हे फ्रेमवर्क मुळात एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मले, ही गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकाच्या वेब विभागात ते तयार झाले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. सॉफ्टवेअरचे 'अ‍ॅप' नावाचे स्वतंत्र भाग करायचे आणि टेबलाच्या नावाआधी त्या भागाचे नाव जोडायचे, ही रीत जँगोने स्वीकारली आहे. त्यामुळे 'बचत' या अ‍ॅपमधील 'ग्रुप' मॉडेलचे टेबल 'बचत_ग्रुप' होते आणि डेटाबेसशी होणारा संघर्ष बव्हंशी टळतो. पण जँगोच्या स्वतःच्या लॉगिन-व्यवस्थेत 'यूजर', 'ग्रुप' आणि 'परमिशन' ही मॉडेल आधीच आहेत. एकाच फाईलमध्ये वरच्या ओळीत जँगोचा 'ग्रुप' आणि खालच्या ओळीत आपला 'ग्रुप' आयात केला, म्हणजे दुसऱ्या फाईलमधून वापरायला घेतला, तर पायथॉन कोणतीही सूचना न देता दुसरा खरा मानतो आणि पहिला त्या फाईलपुरता नाहीसा होतो. कोणी त्या दोन ओळी वर्णानुक्रमे लावल्या की अर्थ उलटतो. 'अ‍ॅज' हा शब्द वापरून आयात करतानाच एकाला दुसरे नाव देणे हा यावरचा साधा इलाज आहे; त्याहून बरे म्हणजे आपल्या मॉडेलचे नाव मुळातच वेगळे ठेवणे. स्वतःचे 'यूजर' मॉडेल हवे असेल तर ते प्रकल्पाच्या आरंभीच ठरवावे आणि सेटिंगमध्ये तसे नोंदवावे, कारण मध्येच बदलणे फार कठीण जाते, असे जँगोच्या अधिकृत दस्तऐवजातच बजावलेले आहे.

जँगोमधील आणखी एक संघर्ष आमच्या बाजारपेठेच्या कामात हमखास भेटतो. सौद्यात विकणारा आणि घेणारा या दोघांचीही नोंद 'व्यक्ती' याच मॉडेलमध्ये असते, म्हणून सौद्याच्या मॉडेलमधून 'व्यक्ती'कडे दोन दुवे जातात. व्यक्तीकडून उलट सौद्यांकडे येण्यासाठी जँगो स्वतः एक नाव तयार करते आणि दोन्ही दुव्यांसाठी ते एकच निघते. सुदैवाने जँगो हे आधीच तपासून काम थांबवते आणि प्रत्येक उलट दुव्याला वेगळे नाव द्यायला सांगते. त्या वेळी 'विकलेले सौदे' आणि 'घेतलेले सौदे' अशा अर्थाची नावे द्यावीत. कित्येक जण तिथे नुसते १ आणि २ असे अंक जोडतात, त्यांना पुढच्या हंगामात कोणता अंक कोणाचा हे स्वतःलाच आठवत नाही.

आता प्रश्न असा की नावे कोणती द्यावीत. प्रत्येक नावाआधी 'माय' किंवा 'टीबीएल' जोडणे, अथवा प्रत्येकाच्या शेवटी 'मॉडेल' लिहिणे, हा उपाय मला पसंत नाही. संघर्ष त्याने टळतो हे खरे, पण नावात माहितीची भर काहीच पडत नाही, आणि पन्नास नावे एकाच अक्षरापासून सुरू झाल्यावर यादीत हवे ते नाव शोधणे अवघड होते. त्याऐवजी ज्या कचेरीचे काम असेल तिथल्या कारकुनाच्या तोंडी जे नाव आहे ते घ्यावे. बाजार समितीत कोणी 'ट्रान्झॅक्शन' म्हणत नाही. तिथे आवक होते, हर्रास होतो, काटापट्टी निघते, सौदापट्टी होते आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडते. या पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि पाचांना पाच नावे आधीच आहेत. 'ट्रान्झॅक्शन' हे नाव डेटाबेसच्या व्यवहारासाठी तर गुंतलेले आहेच, शिवाय ते या पाचांपैकी नेमके काय हे सांगत नाही. 'काटापट्टी' हे नाव कोणत्याही भाषेने, फ्रेमवर्कने वा डेटाबेसने राखून ठेवलेले नाही आणि पुढच्या आवृत्तीत ते राखीव होण्याची भीतीही नाही.

अशा नावांत दोन खाचखळगे आहेत, तेही सांगितले पाहिजेत. रोमन लिपीत 'आवक' कोणी एका 'ए'ने लिहितो, कोणी दोन 'ए'ने. फाईलचे नाव एका रीतीने आणि क्लासचे दुसऱ्या रीतीने लिहिले गेले तर रेल्सला तो क्लास सापडत नाही. म्हणून काम सुरू करतानाच एका वहीत प्रत्येक मॉडेलचे नाव व त्याचे रोमन स्पेलिंग लिहून ठेवावे आणि सर्वांनी तेच पाळावे. दुसरे म्हणजे रेल्सचे अनेकवचनाचे नियम इंग्रजीसाठी केलेले आहेत. 'कापूस' या नावाच्या शेवटी 'एस' असल्यामुळे रेल्स त्याला अनेकवचन समजते आणि एकवचन करताना तो 'एस' काढून 'कापू' नावाचा क्लास शोधू लागते. 'काटा' या नावाचे एकवचन तर ते 'डेटा-डेटम'च्या चालीवर 'काटम' असे करते. वऱ्हाडी कानाला हे ऐकून हसू येईल, पण यावरचा उपाय एका ओळीचा आहे: अशा शब्दांना अनेकवचन नाही, किंवा त्याचे अनेकवचन अमुक, हे रेल्सच्या सेटिंगमध्ये आधी सांगून ठेवता येते.

मग सरळ देवनागरीतच नावे का देऊ नयेत, असे काही उत्साही विद्यार्थी विचारतात. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी नावे चालतात आणि पीएचपीतही चालतात. रूबीमध्ये क्लासचे नाव मोठ्या अक्षराने सुरू व्हावे लागते आणि देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे तिथे हे शक्य नाही. इच्छा मलाही आहे, पण आज माझे मत प्रतिकूल आहे, आणि त्याचे कारण नावांचा संघर्ष हेच आहे. 'शेतकऱ्यांची' या शब्दातील जोडाक्षर संगणकावर दोन वेगळ्या रीतींनी टंकता येते. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच दिसतात आणि संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे असतात. दिसायला एक आणि असायला दोन अशी नावे शोधून काढणे कोणाच्याही हातचे नाही.

नाव मोकळे आहे की नाही हे पाहण्यास फारसा वेळ लागत नाही. रेल्समध्ये कन्सोल (आज्ञा टंकून लगेच उत्तर पाहण्याची खिडकी) उघडून ते नाव टंकावे. असे काही अस्तित्वात नाही असे उत्तर आले की भाषेपुरते आणि फ्रेमवर्कपुरते ते मोकळे आहे. रेल्सची मॉडेल तयार करणारी आज्ञा हे स्वतःच तपासते आणि नाव घेतलेले असेल तर नकार देते, पण फाईल हाताने बनवणाऱ्याला हा नकार मिळत नाही, आणि आमच्याकडे एकाची फाईल दुसऱ्याने उतरवून घेऊन नाव बदलण्याचीच पद्धत अधिक आहे. डेटाबेसचे राखीव शब्द त्याच्या अधिकृत दस्तऐवजात आवृत्तीनिहाय दिलेले असतात. ती यादी महाविद्यालयाच्या संगणक कक्षात भिंतीवर लावावी. आपल्या पुरवणीनेही ती एकदा छापावी आणि नमुन्याच्या पाच नावांच्या जागी 'इयत्ता', 'सामना', 'बचतगट', 'सभासद' आणि 'गठाणनोंद' यांसारखी नावे द्यावीत, अशी माझी विनंती आहे.

राहिला प्रश्न जिथे सॉफ्टवेअर आधीच चालू आहे त्यांचा. त्यांनी हे पत्र वाचून घाईने नावे बदलू नयेत. मॉडेलचे नाव केवळ प्रोग्रॅममध्ये असते असा समज आहे, पण काही वेळा ते डेटाबेसच्या ओळींतही अक्षरशः लिहिलेले असते. एकच टिपणी कधी शेतकऱ्याला तर कधी अडत्याला जोडता यावी अशी सोय रेल्समध्ये किंवा लाराव्हेलमध्ये केली असेल, तर प्रत्येक ओळीत त्या क्लासचे नाव मजकूर म्हणून साठवलेले असते. लाराव्हेलमध्ये तर नेमस्पेससह पूर्ण नाव असते. २०२० मधील लाराव्हेल ८ पासून मॉडेलसाठी वेगळे फोल्डर आले, तेव्हा ज्यांनी आपली जुनी मॉडेल तिकडे हलवली पण साठवलेली नावे बदलली नाहीत, त्यांच्या जुन्या नोंदी मूळ क्लासपर्यंत पोहोचेनाशा झाल्या. म्हणून लाराव्हेलमध्ये आधी 'मॉर्फ मॅप' (कोणते छोटे नाव कोणत्या क्लासचे याची यादी) लिहून ओळींतील पूर्ण नावांच्या जागी ठरावीक छोटी नावे आणावीत. रेल्समध्ये व जँगोमध्ये टेबलाचे जुने नाव मॉडेलमध्ये स्पष्ट लिहून ठेवले, तर टेबलाला हात न लावता क्लासचे नाव बदलता येते, आणि ओळींतील नावे त्याच वेळी मायग्रेशनमध्ये (डेटाबेसमधील बदल लिहून चालवण्याच्या फाईलमध्ये) बदलून घ्यावीत. टेबलाचेच नाव राखीव शब्दात अडकले असेल, तर हाताने लिहिलेल्या अहवालांतील क्वेरी आधी शोधून त्यांत अवतरणचिन्हे घालावीत. तेवढ्याने तूर्त काम चालते. प्रत्यक्ष बदल डेटाबेसची पूर्ण प्रत काढून घेतल्यावर आणि पेरणीच्या दिवसांत करावा, कारण दसऱ्यापासून मार्चअखेरपर्यंत यार्डात कापूस, सोयाबीन आणि तूर यांची आवक चालू असताना काटा एक तास जरी बंद राहिला तरी बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर जाते.

आपला,
एक वाचक व संगणक प्रशिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ